कोळशाने सांगितलेले वय



आपल्याकडे नदीकाठच्या कितीतरी जुन्या गावांच्या कडेला एखादे पांढुरके टेकाड असते. त्याला कोणी पांढर म्हणतात, कोणी पांढरी म्हणतात. शेतकऱ्याला तिची ओळख आहे ती खतासाठी. गाड्या भरभरून ही माती शेतात नेऊन टाकतात, कारण शेकडो वर्षांची राख, शेण, केरकचरा तिच्यात मुरलेला असतो. खणताना तिच्यातून खापऱ्या निघतात, मणी निघतात, हाडे निघतात आणि बोटाएवढे कोळशाचे तुकडे निघतात. खापऱ्या मुले पाण्यावर भिरकावतात, मणी खिशात घालतात. कोळशाकडे मात्र कोणी ढुंकून पाहत नाही. आज मला त्या कोळशाचीच हकीकत सांगावयाची आहे.

१९५० पूर्वी आपल्या शाळांतून महाराष्ट्राचा इतिहास सुरू व्हायचा तो सातवाहनांपासून, फार तर अशोकापासून. नाणेघाटातले लेख, कार्ल्याची लेणी, तिथून पुढे. त्याआधी या मुलुखात काय होते? जंगल होते, असे मोघम सांगून गुरुजी पुढच्या धड्याकडे वळत. मग १९५०-५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले हसमुख सांकळिया आणि शांताराम देव यांनी संगमनेर तालुक्यातील प्रवरेकाठच्या जोर्वे गावी खणावयास घेतले. पुढे १९५४ ते १९५६ या काळात त्यांनी त्याच प्रवरेच्या काठी नेवाशाला मोठे उत्खनन केले. नेवासे म्हटले की आपल्याला ज्ञानेश्वर महाराज आणि १२९० साल आठवते. पण खाली, सातवाहनांच्या थरांच्याही खाली, आणखी एक वस्ती निघाली. तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगाची नक्षी, तोटीची भांडी, तांब्याच्या वस्तू. लोखंड नाही, नाणे नाही, अक्षर नाही.

आता पंचाईत पहा. नाणे सापडले तर राजा कळतो, लेख सापडला तर साल कळते. इथे दोन्ही नाहीत. ही वस्ती सातवाहनांच्या आधीची हे थरांवरून उघड होते. पण किती आधीची? दोनशे वर्षे, की हजार, की दोन हजार? खापराला विचारून उपयोग नाही. उत्तर निघाले ते कोळशातून, आणि ते काढण्याची रीत एका साध्या हिशेबावर उभी आहे. तो आधी समजून घेऊ.

समईत तेल घातले, वात लावली, की तेल ताशी ठराविक मापाने जळते. पहिल्या तासाला एक पळी, दुसऱ्या तासाला एक पळी. अशी घट शेवटी शून्याला पोचते आणि समई विझते. पण दुसऱ्या तऱ्हेची एक घट आहे, आणि ती तुमच्याआमच्या घरात सातबाऱ्यावर लिहिलेली आहे. समजा, एका पणजोबांची सोळा एकर जमीन. दर पिढीला दोन मुलगे आणि बरोबरीची वाटणी. मुलाकडे आठ एकर, नातवाकडे चार, पणतवाकडे दोन, त्याच्या मुलाकडे एक, त्याच्याही मुलाकडे वीस गुंठे. इथे दर पिढीला कमी होते ती ठराविक जमीन नव्हे, ठराविक वाटा. आधी आठ एकर गेली, शेवटी वीसच गुंठे गेले, पण वाटा तोच, निम्मा. म्हणून ही घट सुरुवातीला मोठी दिसते, पुढे बारीक होत जाते आणि शून्याला कधीच पोचत नाही. चक्रवाढ व्याज उलटे फिरवले की हाच हिशेब होतो. गणिताच्या पुस्तकात याला घातांकी ऱ्हास असे भारदस्त नाव आहे.

या हिशेबाने पुढचे सांगता येते, तसे मागचेही काढता येते. आज एखाद्याच्या नावावर वीस गुंठे आहेत आणि मूळ पुरुषाकडे सोळा एकर होते हे ठाऊक आहे, तर मध्ये पाच वाटण्या झाल्या हे शाळेतला मुलगाही सांगेल. फक्त एक गोष्ट ध्यानात घ्या. मूळ पुरुषाकडे सोळा नव्हे, बत्तीस एकर असतील, तर आपले पाचाचे उत्तर एका पिढीने चुकले. भागाकार बरोबर असूनही चुकले. या एका पिढीच्या चुकीने पुढे मोठमोठ्या पंडितांची झोप उडवली.

निसर्गात अशी घट होते हे मापून दाखवले अर्नेस्ट रदरफर्ड यांनी, १९०० साली. हे न्यूझीलंडमध्ये वाढलेले, त्या वेळी कॅनडातील माँट्रियल शहरी मॅक्‌गिल विद्यापीठात शिकवीत. युरेनियममधून अदृश्य किरण निघतात हे बेकरेल यांनी १८९६ साली पाहिले होते. रदरफर्ड थोरियम नावाच्या धातूच्या मागे लागले होते. थोरियममधून एक वायू निघे, आणि तो वेगळा काढला की त्याचा किरणोत्सर्ग पाहता पाहता ओसरे. रदरफर्डनी वेळ लावून मोजले. सुमारे एका मिनिटात तो निम्मा झाला, पुढच्या मिनिटात निम्म्याचा निम्मा. तापवा, थंड करा, काही करा, त्याची चाल बदलत नाही. निम्मे होण्यास लागणाऱ्या या काळाला अर्धायुष्य म्हणतात. कोणाचे मिनिटाचे, कोणाचे दिवसांचे, कोणाचे कोट्यवधी वर्षांचे.

यातली गंमत अशी की एकटा अणू केव्हा फुटेल हे कोणालाही सांगता येत नाही. तो आत्ता फुटेल किंवा दहा हजार वर्षे तसाच बसेल. मग लाखोंच्या घोळक्याला इतकी शिस्त कशी? शिक्षकबंधूंनी हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. पट खेळताना कवड्या नसल्या तर आपण चिंचोके दुभंगून घेतो, एक बाजू काळी, एक पांढरी. असे १२८ अर्धे चिंचोके घ्या, जमिनीवर टाका आणि पांढरे पडतील ते बाजूला काढा. उरलेले पुन्हा टाका. मी हा खेळ एकदा मुलांकडून करवून घेतला, तेव्हा १२८ चे ६१ उरले, मग ३३, मग १५, मग ९, मग ३. कोणता चिंचोका कोणत्या फेरीत जाईल हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही, पण किती जातील याचा अंदाज पहिल्या फेऱ्यांत बरोबर येतो. शेवटी मोजकेच उरले की मात्र अंदाज डगमगू लागतो. चिंचोका नेमका निम्म्या वेळाच पांढरा पडेल असे नाही, हे खरे. न पडेना, वाटा ठरलेला असला म्हणजे झाले.

आता कोळशाकडे येऊ. आकाशातून विश्वकिरणांचा मारा पृथ्वीवर अखंड चालू असतो. त्यामुळे वरच्या हवेत नायट्रोजनच्या काही अणूंचे रूपांतर एका जड कार्बनमध्ये होते. त्याला कार्बन-१४ म्हणतात. १९४० साली मार्टिन केमेन आणि सॅम रुबेन यांनी तो प्रयोगशाळेत प्रथम ओळखला. शिकागो विद्यापीठातील विलर्ड लिबी यांनी पुढचा विचार केला, तो असा. हा कार्बन हवेत मिसळतो, झाडे तो हवेतून घेतात, झाडे गुरे खातात, झाडे आणि गुरे माणूस खातो. म्हणजे जिवंत प्राणिमात्रांत कार्बन-१४ चे प्रमाण हवेतल्याइतकेच राहणार. ते प्रमाण अगदी नगण्य आहे, एक लाख कोटी अणूंत एकाच्या आसपास. पण मेल्यावर खाणे थांबले, भर थांबली. तिथून पुढे फक्त वाटणी, दर पाच हजार सातशे तीस वर्षांना निम्मी. झाड तोडले त्या दिवशी घड्याळाला चावी दिली गेली म्हणा ना.

विचार सुंदर, पण खरा की खोटा? लिबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ साली पहिली कसोटी लावली ती मोठी मासलेवाईक आहे. त्यांनी बाल्टिमोर शहराच्या सांडपाण्याच्या मैल्यातून निघणारा ज्वलनशील वायू घेतला. आपल्या गोबरगॅसचाच तो भाऊ. तो वायू कालपरवाच्या अन्नापासून झालेला, तेव्हा त्यात कार्बन-१४ असला पाहिजे. दुसरीकडे त्याच जातीचा, पण खनिज तेलापासून मिळालेला वायू घेतला. तो कोट्यवधी वर्षे जमिनीत पुरलेला, तेव्हा त्यात काही उरता कामा नये. तसेच निघाले. पुरातन काळाची किल्ली मैल्याच्या टाकीत सापडली म्हटले तरी चालेल!

मोजणे मात्र कठीण होते. ताज्या लाकडाच्या एका ग्रॅम कार्बनमध्ये कार्बन-१४ चे सुमारे सहा हजार कोटी अणू असतात, पण मिनिटाला फुटतात अवघे चौदाच्या आसपास. उलट, मोजणाऱ्या यंत्रावर भिंतीतून, जमिनीतून, आकाशातून येणाऱ्या किरणांचे ठोके मिनिटाला शेकड्यांनी पडत. बाजाराच्या गलक्यात मुंगीची पावले ऐकावयाची, तसा प्रकार. लिबींनी यंत्राभोवती जाड लोखंडाची भिंत उभारली, तिच्या आत पहारेकरी म्हणून दुसरी यंत्रे गोल मांडली. बाहेरून आलेला ठोका पहारेकऱ्यालाही लागतो, तो हिशेबातून वगळावयाचा. असे करून गलका शांत केला.

मग वय आधीच ठाऊक असलेल्या वस्तू तपासल्या. इजिप्तच्या झोसर राजाच्या थडग्यातले लाकूड, सेसोस्ट्रिस राजाच्या नावेची फळी, वलये मोजलेल्या झाडांचे तुकडे. हजार वर्षांनी शंभरातले ८९ उरावेत, दोन हजारांनी ७८, तीन हजारांनी ७०, चार हजारांनी ६२. पहिल्या हजार वर्षांत अकरा गेले, चौथ्या हजारात आठच, आपल्या वाटणीसारखेच. १९४९ साली हा तक्ता प्रसिद्ध झाला. काढलेले बिंदू आणि हिशेबाची वक्ररेषा इतकी जुळली की जग थक्क झाले. १९६० साली लिबींना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एक बारीक खोट मात्र तेव्हाच होती. झोसरच्या लाकडाचे वय चार हजार वर्षांच्या आसपास आले, इतिहासकारांच्या मते ते साडेचार हजारांवर हवे होते. पण मोजणीतच शेकडो वर्षांची मागेपुढे धरलेली होती, त्या पदराखाली ही खोट झाकली गेली.

आपल्याकडे पहिले नमुने परदेशी पाठवावे लागले. नर्मदेकाठच्या नावडातोलीचे आणि आपल्या नेवाशाचे नमुने अमेरिकेत पेनसिल्व्हानिया विद्यापीठात तपासले गेले. उत्तर आले ते ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकाचे. म्हणजे सातवाहनांच्या आधी हजार वर्षे आणि त्याहूनही मागे इथे शेती करणारी, तांबे वापरणारी, गाडगी रंगवणारी गावे होती! १९६० नंतर लवकरच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपली स्वतःची प्रयोगशाळा चालू झाली आणि १९६३ साली तिची पहिली यादी छापून आली. पुढे ती प्रयोगशाळा अहमदाबादला गेली.

त्याच मुंबईच्या प्रयोगशाळेतले डी. पी. अगरवाल यांनी १९६४ साली सिंधू संस्कृतीच्या वयावर एक लेख लिहिला. मॉर्टिमर व्हीलर यांनी त्या संस्कृतीला ख्रिस्तपूर्व २५०० ते १५०० अशी ऐसपैस हजार वर्षे दिली होती. अगरवाल यांनी कालीबंगन, लोथल वगैरे ठिकाणचे कोळसे तपासून म्हटले, नाही, २३०० ते १७५० एवढाच काळ. हिशेब चोख होता. पुस्तकांनी तो उचलला, वर्गांत शिकवला गेला.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. मी व्याख्याता झालो तेव्हा माझ्या गुरुजींच्या टिपणवहीवरून शिकवीत असे. वहीत २३०० ते १७५० हेच आकडे होते, मी तेच फळ्यावर लिहिले. खेड्यातून आलेला एक विद्यार्थी उभा राहिला. दुसरे पुस्तक दाखवून म्हणाला, "सर, इथं तर २६०० ते १९०० लिहिलंय. खरं कोणतं?" मी म्हटले, "पुस्तकापुस्तकांत थोडा फरक असतोच, परीक्षेत दोन्ही चालेल." मुले हसली, तो खाली बसला. तीनशे वर्षांचा फरक म्हणजे थोडा नव्हे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून आजपर्यंत तेवढाच काळ लोटला, थोडा अधिकच. त्या मुलाला द्यावयाचे उत्तर मला ठाऊक नव्हते, ते मी नंतर शोधले.

उत्तर त्या बत्तीस एकरांत आहे. लिबींनी धरून चालले होते की हवेतला कार्बन-१४ पूर्वीपासून आजच्याइतकाच आहे. मूळ पुरुषाची जमीन नेहमी सोळा एकर. पण तसे नव्हते. १९५८ साली हॉलंडचे हेसेल दे व्रीस यांनी दाखवले की गेल्या काही शतकांतही हे प्रमाण खालीवर झाले आहे. त्याच सुमारास इजिप्तच्या जुन्या राजवंशांच्या वस्तूंची वये सतत काही शतकांनी कमी येऊ लागली. कोणी म्हणे, इजिप्तच्या राजांच्या याद्याच चुकल्या असतील. याद्या एवढ्या चुकल्या नव्हत्या. पृथ्वीचे चुंबकत्व पूर्वी काही काळ क्षीण होते, त्यामुळे विश्वकिरण अधिक शिरत आणि कार्बन-१४ अधिक तयार होई. मूळ प्रमाण शंभराऐवजी एकशे पाच धरा. एवढ्या पाचाने वय चारशे वर्षांनी कमी दाखवले जाते. करून पहा, लॉगची कोष्टके हाताशी असली तर दहा मिनिटांचे काम आहे.

पण मूळ जमीन किती होती हे सांगणार कोण? तलाठी कोठून आणावयाचा? तो कॅलिफोर्नियाच्या व्हाइट पर्वतावर उभा होता. तिथे एका जातीची पाइनची बुटकी, पिळवटलेली झाडे आहेत, त्यांतली काही चार हजार वर्षांहून जुनी. झाडाच्या खोडात वर्षाला एक वलय वाढते, आणि जे वलय पूर्ण झाले ते हवेशी संबंध तोडून बसते. मेलेल्या झाडांची आतली वलये जिवंत झाडांच्या वलयांशी जुळवीत वेस्ली फर्ग्युसन यांनी सात हजारांहून अधिक वर्षांची साखळी बांधली. हान्स सुएस यांनी त्यातली लाकडे तपासून, कोणत्या वर्षी हवेत मूळ प्रमाण किती होते याचा खर्डाच १९६७ पासून जगापुढे ठेवला. मग जुन्या सगळ्या तारखा दुरुस्त करणे आले. अगरवालांचे आकडे या खर्ड्यातून काढले की सिंधू संस्कृतीचा बहर ख्रिस्तपूर्व २६०० ते १९०० असा येतो. त्या मुलाच्या पुस्तकात तो होता. माझ्या गुरुजींच्या वहीतलाही आकडा खोटा नव्हता, तो हवेची दुरुस्ती न केलेला होता एवढेच.

हे दुरुस्तीचे काम अजून चालू आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेला खर्डा पंचावन्न हजार वर्षे मागे जातो. त्यापलीकडे आपल्या खेळातल्या शेवटच्या तीन चिंचोक्यांसारखी गत होते, उरतात तेच इतके थोडे की अंदाज धरवत नाही. आणखी एक विचित्र प्रकार सांगतो. लिबींनी अर्धायुष्य ५५६८ वर्षे धरले होते. १९६२ साली ५७३० हा अधिक बरोबर आकडा ठरला. तरीसुद्धा, आधी छापलेल्या शेकडो तारखांत गोंधळ नको म्हणून, प्रयोगशाळा कच्चे वय आजही लिबींच्या जुन्या आकड्यानेच छापतात आणि दुरुस्ती खर्ड्यात करतात. म्हणून शिक्षकांनी पुस्तकातली तारीख मुलांना देण्यापूर्वी ती कच्ची आहे की दुरुस्त केलेली, एवढे पाहून घ्यावे. बहुतेक पुस्तकांत तसे लिहिलेले असते.

आपल्या मुलुखाकडे परत येऊन थांबतो. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बारा-चौदा वर्षे खणून शंभराहून अधिक घरांचे अवशेष उजेडात आणले. ख्रिस्तपूर्व १६०० च्या सुमारास वस्ती सुरू झाली. लोक जव पिकवीत, नदीचे पाणी पाटाने फिरवीत, तान्ही मुले गेली तर दोन रांजणांची तोंडे जुळवून घराच्या जमिनीखालीच पुरीत. ख्रिस्तपूर्व १००० च्या सुमारास मात्र चौकोनी ऐसपैस घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती खालावली, शिकारीवर आणि जनावरांवर भर वाढला. पाऊसमान घटले असावे असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे. आणि ख्रिस्तपूर्व ७०० च्या सुमारास गाव उठले.

हे शेवटचे साल मात्र फार घट्ट धरून चालत नाही. ख्रिस्तपूर्व ८०० ते ४०० या चार शतकांत हवेतला कार्बन-१४ स्वतःच हळूहळू कमी होत गेला. जुन्या लाकडातला आपल्या गतीने घटत होता, नव्या लाकडाला मुळातच कमी मिळत होता. त्यामुळे आधीचे लाकूड आणि तीनशे वर्षांनंतरचे लाकूड आज मोजले तर दोन्हींत जवळपास सारखेच उरलेले दिसते. थोरल्या भावाची जमीन विकून कमी झाली, धाकट्याला वाटणीतच कमी आली, आता दोघांचे उतारे सारखे दिसतात, थोरला कोण ते उताऱ्यावरून कळत नाही. आता एका जवाच्या दाण्यावरूनही वय काढता येते, कारण १९७७ पासून फुटणारे अणू मोजण्याऐवजी उरलेले अणूच मोजण्याची यंत्रे निघाली. तरी त्या चार शतकांपुरते घड्याळ अडखळते. इनामगावचे शेवटचे बिऱ्हाड नेमके कोणत्या पिढीत उठले, हे ठरवण्यासाठी तिथला जाणकार अजून कोळशाबरोबर खापऱ्या आणि थरही उलटून पाहतो.